चौथी बादली

आमच्या घरात बंबाचा एकच कायदा होता. ज्यानं गरम पाण्याची बादली काढली, त्यानं लगेच तेवढंच गार पाणी वरून ओतायचं आणि मगच आंघोळीला जायचं. परीक्षा असो, सण असो, उशीर झालेला असो, यातून कुणाची सुटका नव्हती. एकदा काका विसरले आणि न्हाणीत शिरले. आई दाराबाहेर उभी राहून म्हणाली, "भावजी, पाणी घातलं का?" मग काका टॉवेल गुंडाळून, कानाला साबणाचा फेस तसाच ठेवून बाहेर आले, बंबात पाणी ओतलं आणि परत आत गेले. तेव्हापासून कुणी काही विसरलं की घरात "कानाला फेस लागलाय" असं म्हणायची पद्धत पडली.

या कायद्याला कारण होतं. बंबाच्या मधोमध एक नळी असते. तिच्यात जाळ असतो आणि भोवती पाणी. पाणी कमी झालं की नळीचा वरचा भाग कोरडा पडतो, तापतो आणि वितळलेल्या धातूनं झाळलेला सांधा सुटतो. दुसऱ्यांच्या घरी असं झालं तर ते बंब घेऊन आमच्याकडे येत. आमच्या घरी झालं असतं तर आम्ही कुणाकडे जाणार? माझे वडील तांबट आहेत. बंब करणाऱ्याच्याच घरचा बंब गळतोय, ही गोष्ट नगरच्या आमच्या गल्लीत दुपारपर्यंत सगळ्यांना कळली असती.

आमचं घर बाजाराजवळ आहे. पुढच्या खोलीत दुकान, मागे आम्ही सात माणसं. अण्णा, आई, काका, काकू, मी आणि माझे दोन धाकटे भाऊ. अण्णा तांब्याचा पत्रा कापतात, ऐरणीवर ठोकून वळवतात, सांधे झाळतात आणि शेवटी बारीक हातोडीनं सगळ्या अंगावर मठारकाम करतात. बाजरीच्या कणसावर दाणे असतात तशा त्या खुणा एकमेकींना चिकटून बसतात. लहानपणापासून मी त्याच आवाजात अभ्यास केला. कॉलेजात गेल्यावर वाचनालयातल्या शांततेत मला पहिले काही दिवस एक ओळ वाचता आली नाही, हे मी कुणाला सांगितलं नाही.

अण्णा चौथीपर्यंत शिकले. आमच्या घरात बारावी पास झालेली मी पहिली, आणि बी.एस्सी.ला नाव घातलेलीही पहिली. आता मी शेवटच्या वर्षाला आहे. जे सांगते आहे ते पहिल्या वर्षाचं आहे.

त्या वर्षी आमच्या समोर विजेच्या सामानाचं दुकान निघालं. काचेच्या मागे एक पांढरा गिझर, आणि दारावर पाणी तापवायचे रॉड कांद्याच्या माळेसारखे टांगलेले. दुकानाचे शेठ बोलके होते. आल्याच्या दुसऱ्या दिवशी ते अण्णांना म्हणाले, "अण्णा, तुमच्या बंबाला आगगाडीच्या इंजिनासारखा ड्रायव्हर लागतो आणि फायरमनपण लागतो. माझ्या रॉडला नुसतं बटण."

अण्णा हातोडी न थांबवता म्हणाले, "शेठ, तुमच्या बटनाला वीज लागती. ती सकाळच्या टायमाला कुठं असती?"

गल्ली हसली. शेठही हसले आणि चहा मागवला. त्यांचं भांडण असं कधी झालं नाही. पण दुपारी गिऱ्हाईक येऊन आधी आमच्या दाराशी उभं राहायचं, मग मान वळवून समोर बघायचं. हे अण्णांना दिसत होतं आणि त्यांना दिसतंय हे मला दिसत होतं.

दिवाळीच्या आधी, बंबांचा खप असतो त्या दिवसांत, भिंगारहून एक बाई आल्या. प्राथमिक शाळेत शिकवायच्या. नवं न्हाणीघर बांधून झालं होतं. त्यांनी सरळ विचारलं, "बंब घेऊ की समोरचं ते विजेचं? दिसायला कसं, त्याचं मला काही नाही. रोज कशाला कमी खर्च येतो तेवढं सांगा."

"बंबाला," अण्णा म्हणाले.

"कशावरून?"

अण्णा हातोडी खाली ठेवत नाहीत. त्या दिवशी ठेवली. मला वाटतं, हा प्रश्न त्यांना तोवर कुणी विचारलाच नव्हता. त्यांनी मागे वळून पाहिलं. मी दारात पुस्तक घेऊन बसले होते.

"आमची मुलगी सायन्सला हाय," ते म्हणाले. "ती मोजून कागदावर देईल. ती सांगेल ते खरं. पुढच्या आइतवारी या."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. शिक्षक बघतात तसं पाहिलं. "चालेल," म्हणाल्या आणि गेल्या.

"ती सांगेल ते खरं" असं माझ्याबद्दल आजवर कुणी म्हटलं नव्हतं. पाण्याला किती उष्णता लागते याचं गणित आम्ही नुकतंच कॉलेजात शिकलो होतो, पण ते गणित काचेच्या भांड्यातल्या पाण्याचं होतं. इथे अण्णांचा शब्द होता. माझ्या कागदावर रॉड स्वस्त निघाला तर अण्णांनी आयुष्यभर लोकांना महागडी वस्तू विकली असं ठरणार होतं, आणि ते ठरवणारी त्यांनीच शिकवलेली मुलगी असणार होती.

मी तयारी मात्र नीट केली. प्रयोगशाळेतल्या सहायकांकडून थर्मामीटर मागून आणला. फुटला तर भरून द्यावा लागेल असं त्यांनी तीनदा सांगितलं, म्हणून तो मी ओढणीत गुंडाळून, पोटाशी धरून घरी आणला. भाजीवालीकडून काटा आणला. रॉड मागायला शेठकडे गेले तेव्हा त्यांनी माळेतला एक काढून दिला.

"ने. आणि अण्णांना सांग, हा नापास झाला तरी मी राग धरणार नाही."

पहिल्या सकाळी रॉडची पाळी होती. घरातले सगळे दिवे बंद केले. काका मीटरखाली स्टुलावर बसले आणि मीटरच्या चकतीवरची लाल खूण किती वेळा फिरते ते मोजू लागले. शंभरच्या पुढे गेल्यावर शेजारच्या एका गृहस्थांनी विचारलं, "काय बघताय?" काकांनी "नमस्कार" म्हटलं आणि आकडा गेला. पुन्हा गार पाण्यापासून सुरुवात. दुसऱ्यांदा मोजताना काकांनी कुणाकडेही बघितलं नाही. काकूनं चहा आणला तरी नाही. आंघोळीला सोसेल इतकं एक बादली पाणी तापायला अर्ध्या युनिटच्या आतबाहेर वीज लागली.

दुसऱ्या दिवशी बंब. वखारीतून आणलेलं बंबफोड लाकूड, म्हणजे बंबाच्या नळीत मावतील अशा बारीक ढलप्या, मी वजन करून ठेवलं होतं. पेटवला. पाणी रॉडच्या वेळी होतं तितकंच तापल्यावर तोटीखाली बादली भरली, मापली, जाळ तसाच धुमसत ठेवला आणि उरलेलं लाकूड तोलायला बसले. सव्वा किलो गेलं होतं. वखारीच्या भावानं हिशेब केला. बंबाची बादली रॉडच्या बादलीच्या दुप्पट महाग पडत होती.

मी गणित तीनदा तपासलं. मग एक काम केलं, ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. दुसरा कागद घेतला. आम्ही कधीकधी बाजारातल्या मोडक्या खोक्यांच्या फळ्या जाळतो, त्या फुकट मिळतात. तेव्हा निम्मं लाकूड फुकटचं धरलं. दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या आल्या. कागद सुरेख दिसत होता.

दुपारी अण्णा जेवून उठले तेव्हा मी त्यांच्यासमोर उभी राहिले. हातात दोन्ही कागद होते.

"दोन कशाला?" त्यांनी विचारलं.

मला खोटं सांगता आलं नाही. "एकात लाकूड विकतचं धरलंय. एकात निम्मं फुकट."

"बाईंच्या घरी खोकी मिळत्यात का?"

"माहीत नाही."

"मग विकतचा कागद बघू." त्यांनी तो हातात घेतला. अण्णांना आकडे चांगले वाचता येतात. त्यांनी दोन्ही बाजू वाचल्या, कागद तांब्याच्या पत्र्यासारखा उजेडात जरा तिरका धरला आणि परत वाचल्या. "दुप्पट," ते म्हणाले. "चुकलं न्हाई ना?"

"तीनदा तपासलं."

"मग बाईंना हाच दे."

एवढं बोलून ते दुकानात गेले. हातोडी सुरू झाली. मी दाराआड उभी राहून ऐकत होते. ठोके नेहमीसारखेच पडत होते, एकाही ठोक्याचं अंतर चुकलं नव्हतं. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

काकांना मात्र राहवलं नाही. "पोरीला शिकवली कशाला, दुकान बंद करायला?" ते आईला म्हणाले.

आई पीठ मळत होती. "भावजी, ती खोटं बोलली असती तर तुमीच म्हणाला असता, शिकून काय उपयोग."

शनिवारी सकाळी काकूनं हाक मारली. बंबाच्या वरच्या अंगावरून पाण्याचा एक थेंब येत होता, थांबत होता, परत येत होता. अण्णा आले. सांध्यावरून बोट फिरवलं.

"झाळ सुटली," ते म्हणाले. मग आवाज न चढवता, "पानी न घालता कुणी काढलं?"

माझे भाऊ एकमेकांकडे बघू लागले, कारण असं काही झालं की आधी नाव त्यांचंच यायचं.

"मी," मी म्हणाले.

आईनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी चप्पल घालून देवघरात गेले होते. "तू?"

"गार पाणी घातलं असतं तर आतलं पाणी थंड झालं असतं. माप चुकलं असतं. म्हणून घातलं नाही." हे बोलताना मला ते किती खुळ्यासारखं वाटतंय ते कळत होतं, पण कॉलेजात आम्हाला असंच शिकवलं होतं. प्रयोग चालू असताना भांड्यात मधेच काही ओतायचं नाही.

अण्णा खाली बसले. मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी वेगळंच येत होतं.

"किती बादल्या काढल्या?"

"एक."

"एकच काढून थांबलीस?"

"हो. रॉडची एक, बंबाची एक."

"अगं पोरी," अण्णा म्हणाले, "मग तू बंब मोजलाच न्हाई. तू नुसतं तांबं मोजलंस. एका बादलीसाठी कुनी बंब पेटवतं का? पहिल्या बादलीत समदं तांबं तापतं, समदं पानी तापतं. पुढच्या बादल्या त्याच जाळावर निघत्यात. त्यासाठीच तर गार पानी घालायचं."

काका मागून म्हणाले, "कानाला फेस लागलाय, दादा, दुसरं काय."

सगळे हसले. मीही हसले, पण माझे डोळे भरून आले होते. ज्या कायद्यात मी लहानाची मोठी झाले, तो मला अभ्यासाच्या बाहेरचा वाटला होता. तोच तर अभ्यास होता.

अण्णांनी त्याच दिवशी सांधा झाळून दिला. रविवारी सकाळी आमच्या न्हाणीसमोर रांग लागली. सात माणसं, सात बादल्या, प्रत्येक बादलीनंतर बादलीभर गार पाणी आत, आणि मी काट्यापाशी बसून उरलेलं लाकूड तोलते आहे. आई प्रत्येकाला दारातच अडवत होती. "पाणी घातलं? आकडा लिहिला? मग जा." अण्णा सगळ्यात शेवटी गेले. सातवी बादली पहिलीइतकीच गरम होती.

मग मी कागद केला. एका बाजूला रॉड. त्याला बादलीमागे तेवढीच वीज, पहिली काय आणि सातवी काय. दुसऱ्या बाजूला बंब, जळालेल्या लाकडाचा खर्च तोवर निघालेल्या बादल्यांत वाटून. पहिल्या बादलीला तो फार महाग. दुसरीला कमी महाग. तिसरीला थोडासाच जास्त. चौथ्या बादलीला बंब रॉडच्या खाली गेला आणि मग खालीच राहिला. सातव्या बादलीपर्यंत फरक इतका झाला होता की काकांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि गल्लीत जाऊन दोघांना दाखवला. या वेळी लाकूड सगळं विकतचं धरलं होतं.

अकराच्या सुमाराला बाई आल्या. अण्णांनी मला पुढं केलं. मी दोन्ही बाजू वाचून दाखवल्या, आणि चौथ्या बादलीपाशी बोट ठेवलं. बाईंनी लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाल्या, "पण आमच्याकडे दोघीच आहोत. मी आणि सासूबाई."

आठवडाभर मी थर्मामीटर, काटा, रॉड, सगळं गोळा करत फिरले होते. घरात माणसं किती, एवढा एक प्रश्न कुणीच विचारला नव्हता. आमच्या घरात सात, गल्लीत कुठे नऊ, कुठे अकरा. दोन माणसांचं घर आमच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मी अण्णांकडे पाहिलं. मागे काका खाकरले. दुकानात तीन तयार बंब उभे होते, उन्हात चमकत होते. बाईंनी नुसता कागद दुमडून पर्समध्ये ठेवला असता आणि मान डोलावली असती तरी त्यातला एक खपला असता.

"मग बाई, तुमी रॉड घ्या," अण्णा म्हणाले.

"नक्की?"

"पोरीनं मोजलंय. दोघींना बंब परवडायचा न्हाई. समोरच्या शेठकडं चांगला मिळंल. आमचं नाव सांगा."

बाईंनी समोरच्या दुकानाकडे पाहिलं. "आणि सकाळी लाइट गेली तर?"

"तर आमच्याकडं या आंघोळीला," अण्णा म्हणाले. "फक्त पानी घालून काढायचं."

बाई मोठ्यानं हसल्या. जाताना माझ्यापाशी थांबून म्हणाल्या, "कागद छान लिहिलायस." मग रस्ता ओलांडून समोर गेल्या. शेठनी रॉड गुंडाळून दिला आणि आमच्या दुकानाकडे हात जोडले. त्यांनी नेहमीची मस्करी केली नाही.

मला तेव्हा काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. एका बंबाचं गिऱ्हाईक गेलं होतं. पण अण्णांनी "पोरीनं मोजलंय" हे ज्या आवाजात म्हटलं, तो आवाज मी आधी एकदाच ऐकला होता. एका गिऱ्हाइकानं जुना बंब दुरुस्तीला आणला होता. त्याच्या सांध्यावर बोट ठेवून अण्णा म्हणाले होते, "माझ्या वडलांच्या हातचा हाय. सुटायचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी अण्णांनी मला बुटाच्या खोक्याचं एक झाकण आणून दिलं. "मोठ्या अक्षरात लिही," म्हणाले, आणि सांगत गेले. मी लिहिलं: घरात आंघोळीला चारपेक्षा कमी माणसं असतील तर बंब घेऊ नये. ते झाकण त्यांनी तयार बंबांच्या वर, खिळ्याला टांगलं.

काकांनी कपाळाला हात लावला. "दादा, अख्ख्या बाजारात असा बोर्ड कुणाच्या दुकानावर हाय का?"

"न्हाई," अण्णा म्हणाले. ते खूश दिसत होते.

त्यानंतर लोक आमच्या दारात उभे राहून बोटं मोजू लागले. कुणी म्हणायचं, "आम्ही तिघंच, पण पुढच्या वर्षी सून येतेय." अण्णा म्हणायचे, "मग सून आल्यावर या." पाथर्डीकडचे एक शेतकरी बोर्ड वाचून म्हणाले, "आमी बारा हाय. दोन द्या." त्या हिवाळ्यात जास्त बंब खपले की कमी, हे मी प्रामाणिकपणे सांगू शकत नाही. काकांच्या मते कमी. अण्णांच्या मते, जे बंब विकले गेले ते परत आले नाहीत, हे महत्त्वाचं.

परवा, या हिवाळ्याच्या सुरुवातीला, मी कॉलेजातून आले तर दुकानात एक नवाच बंब उभा होता. माझ्या कमरेच्याही खाली येईल इतका. नळी बारीक, भोवतीची पाण्याची जागा अरुंद, पोटात जेमतेम दीड बादली पाणी मावेल असा. अण्णा त्याच्यावर शेवटची हातोडी फिरवत होते.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

"कुनाचाच न्हाई अजून." त्यांनी वर बघितलं नाही. "तुझ्या कागदात पहिली बादली महाग पडती ना. का, तर पोटात पानी जास्त. म्हणून पोट कमी केलं. कमी मानसांच्या घराला."

दोन वर्षं तो कागद त्यांच्या डोक्यात होता. मी तो कधीच विसरले होते.

काका झाकणाचा बोर्ड काढून घेऊन आले होते. त्यांच्या हातात खडू होता. "चार खोडून दोन लिहू का, दादा?"

"थांब," अण्णा म्हणाले. त्यांनी बंबावरून एकदा हात फिरवला आणि माझ्याकडे सरकवला. "आधी ती मोजंल. मग खोडू."

मी दोन सकाळी मोजलं. पाणी घालून मोजलं. दोन बादल्यांना रॉडच स्वस्त आला. तिसऱ्या बादलीला अण्णांचा बंब खाली गेला. मी तसं सांगितलं तेव्हा अण्णांनी एकदाच मान हलवली.

"मग तीन लिही," ते म्हणाले.